शेजारच्या घरातील जन्म : ‘आफ्टरस्कूल करिझ्मा’ या मांगामधील ऐतिहासिक व्यक्ती आणि प्रतिरूपाची नीती

प्रस्तावना

‘शिवाजी जन्माला यावा, पण शेजारच्या घरात’ हे वाक्य महाराष्ट्रात म्हणीसारखे वापरले जाते. समाजाच्या भित्रेपणावर बोट ठेवण्यासाठी वक्ते व अग्रलेखकार त्याचा आधार घेतात, आणि तेवढ्यापुरता त्याचा अर्थ स्पष्टच आहे. या वाक्यात मात्र आणखी एक गृहीतक दडलेले आहे. थोर पुरुष पुन्हा जन्माला येऊ शकतो आणि ज्या घरी तो जन्मतो त्या घराला त्याची किंमत मोजावी लागते, असे ही म्हण मानते. समाजाला काय हवे आणि आईबापांना कशाची धास्ती वाटते हे ती सांगते. ज्या मुलाला ‘शिवाजी’ म्हणून जन्म घ्यावा लागेल, त्या मुलाला काय वाटेल, हे मात्र ती विचारत नाही.

नेमका हा न विचारलेला प्रश्न जपानी लेखिका-चित्रकार कुमिको सुएकाने यांनी आपल्या मांगामध्ये विचारला आहे. ‘आफ्टरस्कूल करिझ्मा’ या नावाने इंग्रजीत आलेली ही मालिका शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘इक्की’ या मासिकातून २००८ ते २०१४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली व तिचे बारा खंड निघाले. मांगा म्हणजे मुलांची चित्रपुस्तके, असा समज आपल्याकडील साहित्यचर्चेत बराच काळ रूढ होता. मुंबईच्या उपनगरांतील महाविद्यालयीन विद्यार्थी गेली अनेक वर्षे मांगा आवडीने वाचत आहेत. मराठी समीक्षेने मात्र या वाङ्मयप्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात या मालिकेतील ऐतिहासिक व्यक्तींच्या पुनर्निर्मितीचा विचार नीतीच्या अंगाने केला असून, मराठी कल्पनाविश्वात इतिहासपुरुष कसा परत येतो याच्याशी तो ताडून पाहिला आहे.

क्लेओची शाळा

कथा घडते सेंट क्लेओ नावाच्या निवासी शाळेत. क्लेओ ही ग्रीक पुराणातील इतिहासाची देवता. शाळेला तिचे नाव देऊन पुढे संत हे विशेषण लावण्यातला उपरोध सहज लक्षात यावा असा आहे. येथील विद्यार्थी म्हणजे इतिहासातील नामवंतांची प्रतिरूपे : नेपोलियन, सिग्मंड फ्रॉइड, मारी क्युरी, मोझार्ट, इंग्लंडची पहिली एलिझाबेथ, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, जोन ऑफ आर्क, आइनस्टाइन, जपानची प्राचीन राणी हिमिको, झेन भिक्षू इक्क्यू आणि अॅडॉल्फ हिटलर. या सर्वांत शिरो कामिया हा एकच मुलगा ‘साधा’ आहे; तो तेथील एका प्राध्यापकाचा मुलगा म्हणून शाळेत दाखल होतो.

मालिकेच्या आरंभीच एक घटना घडते व तिच्यावर सारा डोलारा उभा राहतो. शाळेतून बाहेर पडलेले जॉन केनेडी यांचे प्रतिरूप राजकारणात उतरते आणि भाषण करीत असतानाच त्याची हत्या होते. मूळ केनेडी १९६३ साली डॅलस येथे मारले गेले, हे या मुलांना पाठ आहे. त्यांनी आपापल्या ‘मूळ’ व्यक्तीचे चरित्र अभ्यासक्रम म्हणून वाचलेले आहे. आता तेच चरित्र त्यांना मृत्युपत्रासारखे वाटू लागते. जोनला आगीचे भय ग्रासते. आपल्या प्रत्येकाचा शेवट आधीच लिहून झालेला आहे काय, ही शंका वर्गावर्गांतून पसरते.

या भयातूनच मुलांमध्ये एक पंथ उभा राहतो. त्यांचे दैवत आहे डॉली नावाची मेंढी. स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेल्या आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये जगापुढे आलेल्या डॉलीला ही मुले ‘सर्वशक्तिमान’ म्हणून भजतात, तिच्या छोट्या मूर्ती जवळ बाळगतात. ज्यांना आई नाही, पूर्वज नाहीत, त्यांनी आपला आद्य पूर्वज शोधला तो प्रयोगशाळेतल्या एका मेंढीत. हा भाग हास्यास्पद वाटण्याचा धोका होता. लेखिकेने तो गंभीरपणे रंगविला आहे आणि संपूर्ण मालिकेतील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तोच ठरतो. जन्मदात्याचा शोध माणूस सोडू शकत नाही, मग तो शोध कुठेही नेऊन पोहोचवो.

शाळेचा खरा हेतू पुढे उघड होतो. एका प्रदर्शनात ही मुले धनिक पाहुण्यांपुढे आपले कसब सादर करतात. ती विकाऊ माल आहेत आणि शाळा हे त्यांचे गोदाम. इतिहासाचे अशा प्रकारे वस्तुकरण होते, तेव्हा ऐतिहासिक व्यक्तीचे कर्तृत्व एका छापील शिक्क्यासारखे उरते, हे सुएकाने नेमकेपणाने दाखवितात.

विज्ञानाची बाजू

विज्ञानकथेला विज्ञानाची कसोटी किती लावावी, हा जुना वाद आहे. येथे तो थोडक्यात आटोपता येईल. डॉली ज्या पद्धतीने जन्मली त्या पद्धतीत प्रौढ पेशीतील केंद्रक काढून ते केंद्रकविरहित अंड्यात सोडले जाते. त्यासाठी केंद्रकातील जनुकद्रव्य बऱ्याच अंशी शाबूत असावे लागते. २७७ प्रयत्नांतून एक डॉली जिवंत जन्मली. मृत प्राण्याविषयी बोलायचे, तर तेरुहिको वाकायामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षे गोठवून ठेवलेल्या उंदरांच्या पेशींतून प्रतिरूप उंदीर जन्माला घातल्याचे २००८ मध्ये, म्हणजे ही मालिका सुरू झाली त्याच वर्षी, जपानमधूनच प्रसिद्ध झाले. उंदीर आणि शीतपेटी येथवर ते ठीक. जोन ऑफ आर्कला मात्र १४३१ साली रूआँ येथे जाळण्यात आले व तिची राख सेन नदीत टाकली गेली. तिची पेशी कोणी व कोठून आणली, हे विचारण्यात अर्थ नाही. लेखिकेनेही ते सांगण्याचा खटाटोप केलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. जनुके सारखी असली म्हणजे प्राणी सारखा होतो, असेही नाही. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत टेक्सास येथे जन्मलेल्या पहिल्या प्रतिरूप मांजरीच्या अंगावरील रंग तिच्या मूळ मांजरीहून वेगळे होते. केसांचा रंगही जिथे हमखास उतरत नाही, तिथे प्रतिभा, शौर्य वा क्रौर्य उतरेल हा भरवसा कशाच्या बळावर धरायचा? आपल्याकडे रक्तबीजाची कथा सर्वांना माहीत आहे : रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून तसाच, तेवढ्याच बळाचा असुर उभा राहतो. कौरवांच्या जन्मकथेप्रमाणेच ही कथाही ‘आमच्या पूर्वजांना क्लोनिंग ठाऊक होते’ या भाबड्या अभिमानासाठी वापरली गेली आहे. तिचे खरे मोल वेगळे आहे. शरीराच्या कणात सबंध माणूस साठवलेला असतो, ही समजूत किती जुनी आहे याची ती साक्ष देते. सेंट क्लेओ शाळेचे चालक, आधुनिक वेष परिधान करूनही, याच समजुतीचे पाईक आहेत.

अज्ञानाचा हक्क

प्रतिरूप मानवाच्या नैतिकतेची चर्चा डॉलीच्या जन्मापूर्वीपासून सुरू होती. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७० च्या दशकातच असे मांडले होते की, अशा व्यक्तीला तिच्याविषयी ‘फार ठाऊक असणे’ हाच मूळ अन्याय होय. प्रत्येक मनुष्य आपण कोण होणार हे न जाणता जन्मतो; या अज्ञानातूनच त्याला स्वतःला घडविण्याचे स्वातंत्र्य मिळते. प्रतिरूपाला, व त्याच्याभोवतीच्या लोकांनाही, उत्तर आधीच माहीत असते, निदान माहीत आहे असे वाटते. अमेरिकन विचारवंत जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये बालकाच्या ‘खुल्या भविष्याच्या हक्काची’ संकल्पना मांडली. ती प्रतिरूपांसाठी मांडलेली नव्हती; आईवडिलांनी मुलाच्या पुढच्या वाटा बालपणीच बुजवून टाकू नयेत, एवढाच तिचा आग्रह होता.

मारी क्युरीचे प्रकरण या दोन्ही विचारांची परीक्षा घेणारे आहे. या मारीला किरणोत्सारात रस नाही. तिला पियानो वाजवायचा आहे. तिचा दोष एवढाच, की तिची आवड दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याची आहे. त्या शाळेत संगीत मोझार्टचे आणि रसायन मारीचे. मोझार्टला तिची ही ओढ खपत नाही. त्याच्या लेखी प्रतिरूपाने मूळ व्यक्तीच्या वाटेने जाणे हेच जगण्याचे कारण आहे. पुढे मारी शाळेतून जाते, आणि तिच्या जाण्याविषयी मुलांना जे सांगितले जाते त्यावर वाचकाचा विश्वास बसत नाही. मोझार्टचा कठोरपणा हाही भयाचाच एक अवतार असल्याचे लवकरच कळते. ज्याने स्वतःला नावाच्या स्वाधीन केले, त्याला दुसऱ्याने नाव झुगारलेले पाहवत नाही. पात्ररचनेची ही समज मालिकेच्या पूर्वार्धात ठिकठिकाणी आढळते.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. या मुलांचे जे नुकसान होते, ते जनुकांमुळे होत नाही. ते होते सांगितल्यामुळे. नाव, तसबीर, चरित्र आणि रोजची आठवण, या साधनांनी शाळा त्यांना घडवते. ही साधने प्रयोगशाळेबाहेरही सर्वत्र उपलब्ध आहेत. मराठी घरांत नातवाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा होती. ‘अगदी आजोबांवर गेला आहे’ हे कौतुकाचे वाक्य ऐकत वाढलेल्या किती मुलांनी ते नाव सुखाने पेलले आणि किती जणांना ते जड झाले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीच्या रेल्वे स्थानकाबाहेर शिकवणी वर्गांच्या फलकांवर गुणवंतांची छायाचित्रे रांगेने लावलेली असतात. त्या फलकाखालून रोज जाणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षी आपला चेहरा कोणाच्या जागी बसवायचा आहे हे पक्के ठाऊक असते. त्याच्या पेशीतील केंद्रक कोणी बदललेले नाही. तरी फाइनबर्ग यांनी सांगितलेले खुले भविष्य त्याच्यापुढे कितपत खुले असते, हा प्रश्न उरतोच. सुएकाने यांच्या कथेचे बळ हेच की तिच्यातील अशक्य कल्पना अगदी परिचित अनुभवावर रोवलेली आहे. जपानमधील परीक्षाकेंद्री शालेय जीवनाला ती जेवढी लागू पडते, तेवढीच येथेही.

हिटलरचे प्रतिरूप

या मालिकेतील सर्वांत धाडसी आणि सर्वांत वादग्रस्त निर्मिती म्हणजे हिटलरचे प्रतिरूप. हा मुलगा सौम्य, लाजाळू, दुसऱ्यांची काळजी घेणारा आहे. आपण कोणाची प्रत आहोत याची त्याला शरम वाटते आणि इतर मुलेही त्याला ते विसरू देत नाहीत. आयरा लेव्हिन यांच्या १९७६ सालच्या ‘द बॉइज फ्रॉम ब्राझील’ या कादंबरीत हिटलरची प्रतिरूपे वाढविण्याचा कट आहे. तेथे भय हे की मूळ परिस्थिती पुन्हा निर्माण केली, तर हिटलर पुन्हा घडेल. सुएकाने यांनी हा प्रश्न उलटा केला आहे : ज्याने काहीच केलेले नाही, त्याला आपण हिटलर म्हणत राहिलो, तर त्याचे काय होईल?

प्रश्न उत्तम आहे. पण त्याची मांडणी करताना एक मोठी उणीव राहून गेली आहे. या शाळेत हिटलर आहे, परंतु त्याने ज्यांना मारले त्यांच्यापैकी कोणी नाही. सहा दशलक्ष ज्यूंचा संहार हा त्या मुलाच्या मनातील अपराधभावनेचे कारण म्हणून उरतो. संहार झालेल्यांची बाजू कथेत कोणी मांडत नाही. परिणामी वाचकाची सारी सहानुभूती त्या निरागस चेहऱ्याकडे वाहते व इतिहास पार्श्वभूमीच्या पडद्यासारखा मागे लटकत राहतो.

याच संदर्भात ओसामु तेझुका यांच्या १९८३ ते १९८५ या काळात प्रसिद्ध झालेल्या अॅडॉल्फविषयक मांगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथे एकाच नावाचे तिघे आहेत : एक हिटलर, दुसरा कोबे शहरात वाढणारा ज्यू मुलगा, तिसरा जर्मन पिता व जपानी माता यांचा पुत्र. तेथे प्रतिरूप नाही, जनुके नाहीत; केवळ नाव समान. तरीही त्या नावामागे पूर्ण इतिहास उभा राहतो, कारण मारणारा आणि मारला जाणारा हे दोघेही तेझुका यांच्या चित्रचौकटीत उपस्थित आहेत. मैत्रीतून वैर कसे शिकविले जाते हे तेथे वर्षांच्या क्रमाने उलगडते. सुएकाने यांच्याकडे नीतीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे, पण इतिहास पातळ आहे.

हा दोष दूरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. २००६ साली नवी मुंबईत खारघर येथे हिटलरच्या नावाचे उपाहारगृह उघडण्यात आले होते. ज्यू समाजाच्या निषेधानंतर ते नाव बदलावे लागले. मुंबईच्या पदपथांवरील पुस्तकविक्रेत्यांकडे हिटलरचे आत्मचरित्र वर्षानुवर्षे सहज मिळत आले आहे. ज्या कोकण किनाऱ्यावर मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज शतकानुशतके नांदला, त्याच प्रदेशात हे नाव एक चटकदार पाटी म्हणून वापरावेसे कोणाला वाटावे, यामागे द्वेषापेक्षा अज्ञान अधिक असावे. अशा वाचकवर्गाच्या हाती लाजाळू हिटलरचे चित्र पडते, तेव्हा लेखिकेला अभिप्रेत असलेला उपरोध त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे सांगता येत नाही.

मराठी कल्पनेतील परतलेला पुरुष

मराठी साहित्यात ऐतिहासिक पुरुष सतत परत येत राहिला आहे. ‘स्वामी’ (१९६२), ‘श्रीमान योगी’ (१९६८), ‘छावा’ (१९७९) या कादंबऱ्यांनी त्याला अंतःकरण दिले, एकांत दिला, क्वचित अश्रूही दिले. चित्रकथेत हे काम अनंत पै यांनी १९६७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने केले. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी रेखाटलेले चेहरे पुढे अनेकांच्या मनात त्या त्या व्यक्तीचे खरे चेहरे होऊन बसले. तरीही या साऱ्यांत इतिहासपुरुष त्याच्या काळातच राहतो. तो आपल्या शाळेत, आपल्या रस्त्यावर उतरत नाही.

तो उतरतो तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण संतोष मांजरेकर दिग्दर्शित ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ (२००९) या चित्रपटात सापडते. दिनकर भोसले हा मुंबईतील सामान्य मध्यमवर्गीय माणूस मराठीपणाला दोष देत बसलेला असताना साक्षात महाराज त्याच्यापुढे प्रकट होतात. पण येथेही जन्म शेजारच्या घरातही झालेला नाही. महाराज येतात, खडसावतात, बळ देतात. स्वतः दिनकरने भोसलेच राहायचे असते. इतिहासपुरुष दर्शन देतो, देह धारण करून आपल्यात वाढत नाही. त्याला बालपण नाही, म्हणून त्याला स्वतःची निवडही नाही.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या संदर्भात विशेष विचारात घेण्यासारखी आहे. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली होती व ती पारितोषिकास पात्र ठरली. नाव बाजूला ठेवून लिखाण जोखले जावे, ही इच्छा त्यामागे होती. नामवंताने आपले नाव स्वतः उतरवून ठेवण्याचा हा प्रकार प्रस्तुत विषयाशी अगदीच असंबद्ध म्हणता येणार नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ च्या युद्धात विश्वासरावांना गोळी लागलेली नाही व मराठे जिंकलेले आहेत. मुंबईत येऊन ते प्रथम आपल्या मुलाची चौकशी करतात, तर त्या नावाचे तेथे कोणी नाही. इतिहास बदलला, आणि मुलगाच उरला नाही.

दोन्ही कृतींतील प्रयोग परस्परांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. नारळीकर घटना बदलतात आणि माणूस तोच ठेवतात; सुएकाने काळ बदलतात आणि देह तोच ठेवतात. नारळीकरांच्या जगात एका गोळीच्या वाटेवर शतकांचा इतिहास अवलंबून असतो. असे असेल, तर नेपोलियनचे जनुकद्रव्य घेऊन कोणी नेपोलियन कसा बनवणार? त्याला फ्रेंच राज्यक्रांती कोठून आणून देणार? कर्तृत्व हा पुरुष व प्रसंग यांचा योग असतो, हे नारळीकरांची कथा कोणताही उपदेश न करता सांगते. सेंट क्लेओच्या ग्राहकांनी ती वाचली असती, तर त्यांनी पैसे परत मागितले असते.

मराठीत प्रतिरूप इतिहासपुरुषाची कथा अशा स्पष्टपणे का लिहिली गेली नाही, याचे उत्तर केवळ साहित्यप्रकारांच्या इतिहासात मिळणार नाही. डॉलीची बातमी जगभर पोहोचली त्याच वर्षी, ११ जुलै १९९७ रोजी, घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी उघडकीस आले. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या चित्रपटाचा आरंभबिंदू हीच घटना आहे. ज्या वस्तीत पुतळ्याला घातलेल्या एका माळेचे पर्यवसान दहा मृत्यूंत झाले, तेथे ऐतिहासिक व्यक्तीची प्रतिमा ही चित्रकाराने हवी तशी खेळवावी अशी वस्तू राहत नाही. त्या प्रतिमेत लोकांचा आत्मसन्मान गुंतलेला असतो. सुएकाने यांना एलिझाबेथ वा मोझार्ट यांच्याशी जी मोकळीक घेता आली, तिच्यामागे अंतर आहे. हे बहुतेक इतिहासपुरुष त्यांच्या वाचकांच्या दैनंदिन लढ्याचा भाग नाहीत. जपानी युद्धकाळातील एखादा नेता त्यांनी या वर्गात प्रमुख पात्र म्हणून आणून बसविलेला नाही, ही गोष्ट नजरेतून सुटू नये. जपानच्या वाट्याला येतात ती हिमिको आणि इक्क्यू, दोघेही सुरक्षित अंतरावरची.

अंतर नसतानाही पुनर्कल्पना शक्य असते, हे ‘भीमायन’ (२०११) या चित्रग्रंथाने दाखविले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे जीवन चितारताना चौकटी मोडल्या. आगगाडी साप झाली, किल्ला पशू झाला, पाणपोईला जीव आला. १९०१ साली मसूर स्थानकावर उतरलेल्या, वडील घ्यायला न आल्याने ताटकळलेल्या त्या लहान मुलाला पुन्हा जन्माला घालण्यासाठी येथे पेशी लागली नाही. दुसऱ्या एका वंचित परंपरेची रेषा पुरेशी ठरली. प्रतिकृती करण्याचे टाळल्यामुळेच ही पुनर्निर्मिती जिवंत झाली आहे.

उत्तरार्धातील घसरण आणि कायदा

‘आफ्टरस्कूल करिझ्मा’च्या उत्तरार्धाविषयी फार काही चांगले म्हणता येत नाही. पूर्वी निर्माण केलेल्या प्रतिरूपांचा सूड, कट, प्रतिकट, बंदुका आणि धावपळ यांत मूळ प्रश्न हरवत जातो. मुलींच्या चित्रणात वाचकाची नजर चाळविण्याचा सोसही अनेक ठिकाणी खटकतो. ज्या कथेचा विषयच देहाचे वस्तूकरण हा आहे, तिने तेच करावे हे विसंगत आहे. ‘साधा’ शिरो हाही आपल्या पित्याचेच प्रतिरूप असल्याचा उलगडा मात्र सार्थ आहे. शिरोचा मूळ पुरुष प्रसिद्ध नाही, म्हणून त्याला आपण प्रत असल्याचे कळलेच नव्हते. योनास यांनी सांगितलेले अज्ञान त्याला लाभले होते, आणि म्हणून तोपर्यंत तो मोकळा होता. या धाग्यावर लेखिका अधिक थांबली असती, तर बारा खंडांची गरज पडली नसती.

बाजाराची बाजू तेझुका यांनी ‘फिनिक्स’ मालिकेतील १९८० सालच्या ‘जीवन’ या भागात अधिक धारदारपणे मांडली होती. तेथे दूरचित्रवाणीचा एक निर्माता मानवी प्रतिरूपांच्या शिकारीचा कार्यक्रम दाखविण्याचा घाट घालतो आणि अखेर त्याचीच प्रतिरूपे शिकारीसाठी सोडली जातात. डॉलीच्या सोळा वर्षे आधी लिहिलेल्या या कथेत प्रतिरूपाला कायद्याने माणूस मानायचे की नाही, हाच कळीचा मुद्दा आहे.

प्रत्यक्षात कायदे निर्मिती रोखण्यापुरतेच बोलतात. जपानने २००० साली मानवी प्रतिरूप तंत्राच्या नियमनाचा कायदा केला. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २००५ मध्ये ८४ विरुद्ध ३४ मतांनी, ३७ देश तटस्थ असताना, मानवी क्लोनिंगविरोधी घोषणापत्र संमत केले. ते बंधनकारक नाही. उपचारांसाठीच्या संशोधनाची वाट बंद होऊ नये म्हणून भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. मात्र प्रजननासाठी मानवी क्लोनिंग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. प्राण्यांच्या बाबतीत कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध अनुसंधान संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी म्हशीचे प्रतिरूप रेडकू जन्मले व काही दिवसांतच दगावले. त्याचे नाव ‘समरूपा’ ठेवण्यात आले होते. त्यानंतर त्याच वर्षी जून महिन्यात जन्मलेल्या दुसऱ्या रेडकाला मूळ म्हशीशी असलेल्या साम्याची आठवण करून देणारे नाव दिले गेले नाही. तिचे नाव ‘गरिमा’ होते.

यांपैकी एकाही दस्तऐवजात बंदी मोडून जन्मास आलेल्या मुलाने काय नाव लावावे, त्याचे पालक कोण मानावेत, किंवा त्याचे ‘मूळ’ त्याला सांगावे की न सांगावे, याविषयी अक्षर नाही. सुएकाने यांची मारी क्युरी पियानोपुढे बसते तेव्हा ती या रिकाम्या जागेतच बसलेली असते. तिच्या मागे दोन नोबेल पारितोषिके आहेत, आणि त्यांतले एकही तिने मिळविलेले नाही.